थ्रेड किती वेळ आणि कोणामुळे अडतो: लिनक्सवर मोजण्याची रीत

प्रोग्राम संथ झाला आहे, विनंतीला उत्तर मिळायला नेहमीच्या चौपट वेळ लागतो आहे आणि तरीही टॉप या आज्ञेत सीपीयूचा वापर १० टक्क्यांच्या वर जात नाही, ही स्थिती सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाची आहे. अशा वेळी नेहमीचा सीपीयू प्रोफायलर (वेळ कोठे जातो ते दाखवणारे साधन) लावून फारसे हाती लागत नाही, कारण थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा, सीपीयूवर असतानाच त्याची नोंद घेण्यासाठी तो बनवलेला असतो. जो थ्रेड डिस्कची, नेटवर्कची, लॉकची (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणाऱ्या कुलपाची) किंवा दुसऱ्या एखाद्या थ्रेडची वाट पाहत झोपला आहे, तो त्याला दिसतच नाही. लिनक्सवर थ्रेड किती वेळ अडतो, कोठे अडतो आणि कोणामुळे अडतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मोजून कशी मिळवायची ते पुढे क्रमाने सांगितले आहे. माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक तपास दुसऱ्यावरच थांबतात, म्हणून तिसऱ्याला अधिक जागा दिली आहे. आज्ञा, फाइली आणि फंक्शने यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

आधी वेळेचे तीन वाटे करावेत

कोणत्याही थ्रेडचा घड्याळी वेळ तीन वाट्यांत विभागलेला असतो: तो सीपीयूवर प्रत्यक्ष चालत होता तो वेळ, चालायला तयार असूनही सीपीयूच्या रांगेत उभा होता तो वेळ, आणि कशाची तरी वाट पाहत झोपलेला होता तो वेळ. या तिन्हींवरचे उपाय एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की विभागणी केल्याशिवाय पुढे जाणे म्हणजे अंदाजावर काम करणे होय. रांगेतला वेळ मोठा असेल, तर लॉक शोधत बसण्यात अर्थ नसतो. झोपेचा वेळ मोठा असेल, तर सीपीयू वाढवून काही साधत नाही.

या विभागणीसाठी नवे काही बसवावे लागत नाही. कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या प्रोक फाइलप्रणालीत प्रोसेसच्या क्रमांकाची जी निर्देशिका असते, तिच्या आत टास्क नावाची निर्देशिका असते. तिच्यात प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र निर्देशिका असते आणि त्या प्रत्येकीत शेडस्टॅट नावाची एका ओळीची फाइल असते. त्या ओळीत तीन आकडे असतात. पहिला आकडा सीपीयूवर घालवलेला वेळ, दुसरा रांगेत घालवलेला वेळ, दोन्ही नॅनोसेकंदांत, आणि तिसरा थ्रेडला किती वेळा सीपीयू मिळाला ती संख्या. ही फाइल १० सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचावी आणि आकड्यांची वजाबाकी करावी. समजा, पहिल्या आकड्यातील फरक ०.८ सेकंद आणि दुसऱ्यातील ०.१ सेकंद आला, तर उरलेले ९.१ सेकंद तो थ्रेड झोपलेला होता. प्रोसेसच्या मूळ निर्देशिकेतही शेडस्टॅट असते, पण ती केवळ मुख्य थ्रेडची असते. अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रामसाठी तिच्यावर विसंबू नये.

त्याच ठिकाणच्या स्टेटस फाइलमध्ये स्वेच्छेने आणि अनिच्छेने झालेल्या कॉन्टेक्स्ट स्विचांच्या (सीपीयूवरचा थ्रेड बदलण्याच्या) दोन संख्या मिळतात. थ्रेडने स्वतःहून वाट पाहायचे ठरवून सीपीयू सोडला की पहिली वाढते, सीपीयू कोणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या शेड्यूलरने त्याला बाजूला केले की दुसरी. सिसस्टॅट संचातील पिडस्टॅट या आज्ञेला डब्ल्यू आणि टी हे पर्याय दिले, तर याच संख्या दर सेकंदाच्या दराने आणि थ्रेडवार दिसतात. स्वेच्छेचे स्विच भरपूर आणि झोपेचा वेळ मोठा, असे चित्र दिसले की पुढची पायरी गाठावी.

झटपट पाहणी

आता थ्रेड कोठे झोपला आहे याचा एक अंदाज घेता येतो. पीएस आज्ञेला थ्रेड दाखवण्याचा एल हा पर्याय द्यावा आणि स्तंभांत थ्रेडचा क्रमांक, स्थिती आणि डब्ल्यूचॅन मागावे. स्थितीच्या स्तंभात आर म्हणजे चालणारा किंवा तयार, एस म्हणजे व्यत्यय आणता येईल अशी झोप, आणि डी म्हणजे व्यत्यय न आणता येणारी झोप, जी बहुधा डिस्कच्या किंवा कर्नलमधील लॉकच्या प्रतीक्षेत असते. डब्ल्यूचॅनमध्ये थ्रेड कर्नलच्या कोणत्या फंक्शनात थांबला आहे त्याचे नाव येते. रूटचे अधिकार असतील, तर त्या थ्रेडच्या निर्देशिकेतील स्टॅक ही फाइल वाचून कर्नलमधला संपूर्ण स्टॅकही, म्हणजे कोणत्या फंक्शनाने कोणाला बोलावले ती साखळी, पाहता येतो.

डी स्थितीबद्दल एक गोष्ट येथेच सांगायला हवी. लिनक्सवरील लोड अॅव्हरेजमध्ये केवळ सीपीयूची मागणी धरलेली नसते; १९९३ पासून डी स्थितीतले थ्रेडही त्यात मोजले जातात. त्यामुळे लोड ४० आणि सीपीयू रिकामा, असे दिसले तर तो मापनातला दोष नसून चाळीसेक थ्रेड अशा झोपेत अडकल्याची खूण असू शकते. लिनक्स ४.२० पासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून, प्रोकमध्ये प्रेशर नावाच्या निर्देशिकेत सीपीयू, आयओ आणि मेमरी अशा तीन फाइली मिळतात. गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत किमान एक काम त्या साधनासाठी किती टक्के वेळ खोळंबले होते, हे त्या सांगतात. संपूर्ण यंत्रावर डिस्कचा ताण आहे की मेमरीचा, हे ठरवण्यासाठी लोडच्या आकड्यापेक्षा या फाइली कितीतरी अधिक विश्वासार्ह आहेत.

मात्र झटपट पाहणी म्हणजे एका क्षणाचे चित्र. ती दहा वेळा करून तेच फंक्शन दहाही वेळा दिसले, तर ते उत्तर बहुधा बरोबर असते. पण किती वेळ, हा प्रश्न तरीही उरतोच.

प्रत्येक झोपेची मोजणी

किती वेळ हे खात्रीने सांगायचे, तर थ्रेडने सीपीयू सोडला तो क्षण आणि त्याला सीपीयू पुन्हा मिळाला तो क्षण, या दोन्हींची नोंद ठेवावी लागते. दोन्ही क्षण शेड्यूलरच्या एकाच ठिकाणाहून जातात, म्हणून तेथेच नोंद घेणे सर्वांत सोयीचे.

पुष्कळांचा हात आधी सिस्टिम कॉलांचा, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्यांचा, माग ठेवणाऱ्या एसट्रेसकडे जातो. थ्रेडांचा माग घेणारा एफ, सारांश देणारा सी आणि घड्याळी वेळ मोजणारा डब्ल्यू हे पर्याय एकत्र दिले, तर प्रत्येक सिस्टिम कॉलमध्ये गेलेला वेळ तो दाखवतो. डब्ल्यू विसरला, तर सारांशात कर्नलमधला सीपीयू वेळ येतो आणि झोप गायब होते, हे लक्षात ठेवावे. एसट्रेसची अडचण अशी की तो प्रत्येक सिस्टिम कॉलच्या आधी आणि नंतर थ्रेडला थांबवतो. गजबजलेला प्रोग्राम त्याने कित्येक पट संथ होऊ शकतो आणि लॉकसाठीच्या शर्यतींचे स्वरूपच बदलून जाते. चाचणीच्या यंत्रावर तो उपयोगी आहे, चालू सेवेवर मी तो लावणार नाही. पर्फ या मापनसाधनातला पर्फ शेड रेकॉर्ड प्रत्येक स्विचची नोंद फाइलमध्ये लिहितो आणि मग पर्फ शेड टाइमहिस्ट प्रत्येक वेळी थ्रेड किती वेळ सीपीयूबाहेर होता, त्यातला किती वेळ जागा झाल्यावर रांगेत गेला आणि किती वेळ चालला, हे ओळीने दाखवतो. काही सेकंदांच्या बारीक तपासासाठी हे उत्तम आहे. त्याहून जास्त वेळ चालवले, तर फाइल फार मोठी होते.

रोजच्या कामाला योग्य साधन म्हणजे बीसीसी या मापनसाधनांच्या संचातील ऑफसीपीयूटाइम. तो ईबीपीएफचा (कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवू देणाऱ्या सोयीचा) छोटा प्रोग्राम कर्नलमध्ये बसवतो, बेरजा कर्नलमध्येच करतो आणि शेवटी प्रत्येक वेगळ्या स्टॅकसाठी एकूण किती मायक्रोसेकंद गेले तेवढेच बाहेर देतो. यासाठी कर्नलमध्ये स्टॅक गोळा करण्याची जी सोय लागते ती २०१६ मधील ४.६ या आवृत्तीत आली, त्यामुळे आजच्या कोणत्याही वितरणात अडचण येऊ नये. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेजचे नाव बीपीएफसीसी टूल्स असे आहे आणि आज्ञेच्या नावाला बीपीएफसीसी हे शेपूट जोडलेले असते. फेडोरावर पॅकेजचे नाव बीसीसी टूल्स आहे.

चालवताना पी या पर्यायाने प्रोसेसचा क्रमांक द्यावा, शेवटी मापनाचे सेकंद द्यावेत, उदाहरणार्थ ३०, आणि दोन पर्याय आवर्जून जोडावेत. डी हा पर्याय कर्नलचा स्टॅक आणि प्रोग्रामचा स्टॅक यांच्या मध्ये खूण घालतो. एफ हा पर्याय प्रत्येक स्टॅक एका ओळीत दुमडून देतो, ज्यातून फ्लेम ग्राफ, म्हणजे स्टॅक रचलेल्या चौकोनांनी दाखवणारा आलेख, काढता येतो. प्रोग्राम कंटेनरमध्ये (बाकी यंत्रापासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात) असेल, तर साधन यजमान यंत्रावरून चालवावे आणि यजमानाला दिसणारा क्रमांक द्यावा. कंटेनरच्या आत दिसणारा क्रमांक वेगळा असतो आणि तो दिल्यास हाती काहीच येत नाही किंवा भलत्याच प्रोसेसचे मापन होते.

सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे भार. व्हीएमस्टॅटच्या सीएस या स्तंभात दर सेकंदाला किती कॉन्टेक्स्ट स्विच होतात ते दिसते. काही हजार असतील, तर चिंता नाही. काही लाख असतील, तर प्रत्येक स्विचवर चालणाऱ्या ईबीपीएफ प्रोग्रामची किंमत जाणवू लागते, तेव्हा आधी एक-दोन सेकंदांचेच मापन करून प्रोग्रामच्या वेगावर काय परिणाम होतो ते पाहावे. किमान वेळेची एम ही मर्यादा वाढवल्याने अहवाल आटोपशीर होतो, पण ईबीपीएफ प्रोग्राम प्रत्येक स्विचवर चालतोच, त्यामुळे भार फारसा कमी होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे स्टॅक पूर्ण मिळतात का. ही साधने फ्रेम पॉइंटरच्या (स्टॅकमधील आधीच्या फंक्शनाकडे नेणाऱ्या खुणेच्या) आधाराने प्रोग्रामचा स्टॅक उलगडतात, आणि अनेक वर्षे कंपायलर वेग वाढवण्यासाठी तो गाळत आले. फेडोरा ३८ पासून आणि उबुंटू २४.०४ पासून त्या वितरणांची पॅकेजे फ्रेम पॉइंटर ठेवून बांधली जातात. स्वतःचा प्रोग्राम मात्र तो न गाळण्याचा पर्याय जीसीसी या कंपायलरला देऊन स्वतःच बांधावा लागतो. जावासाठी त्या आभासी यंत्राला फ्रेम पॉइंटर राखण्याचा वेगळा पर्याय आहे. अहवालात स्टॅक एक-दोन पायऱ्यांत संपत असतील किंवा अज्ञात असे शब्द रांगेने येत असतील, तर अर्थ लावण्याच्या फंदात न पडता आधी हे दुरुस्त करावे. अर्धवट स्टॅकवरून काढलेला निष्कर्ष हा मापन न करण्याहून घातक असतो, कारण त्याच्यामागे आकड्यांचा आधार असल्याचा भास होतो.

आकडे कसे वाचावेत

दुमडलेल्या ओळींतून ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये तयार केलेला फ्लेम ग्राफ काढला, की प्रत्येक चौकोनाची रुंदी म्हणजे त्या फंक्शनाखाली झोपेत गेलेला एकूण वेळ होतो. आडव्या अक्षावर काळाचा क्रम नसतो, फंक्शने वर्णानुक्रमाने लावलेली असतात. एकक मायक्रोसेकंद असल्याचे आलेखाच्या आज्ञेला सांगावे, नाहीतर आकडे नमुन्यांच्या संख्येसारखे दिसतात.

पहिल्यांदा हा आलेख पाहणाऱ्याला एकूण बेरीज विचित्र वाटते. ३० सेकंदांच्या मापनात २०० थ्रेडांच्या प्रोग्रामची बेरीज ६,००० सेकंदांच्या जवळ जाऊ शकते, कारण प्रत्येक थ्रेडचे ३० सेकंद वेगळे मोजले जातात. त्यातला बहुतांश भाग निरुपद्रवी असतो: कामाची वाट पाहणारे थ्रेड ईपोल वेट या नेटवर्कची वाट पाहणाऱ्या सिस्टिम कॉलमध्ये, थ्रेडपूलच्या रांगेवर किंवा ठरावीक वेळेच्या झोपेत पडून असतात आणि आलेखाची नव्वद टक्के रुंदी व्यापू शकतात. विनंती येईपर्यंत झोपणे हा दोष नाही. विनंती हातात घेतल्यावर झोपणे हा विलंब आहे. म्हणून दुमडलेल्या फाइलमधून ज्या ओळींत विनंती हाताळणाऱ्या फंक्शनाचे नाव आहे तेवढ्याच ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने वेगळ्या काढाव्यात आणि त्यांचाच आलेख काढावा. ही एक पायरी केली, की गोंधळाचा मोठा भाग मिटतो.

बेरजेत आणखी एक गोष्ट लपते. १० सेकंदांची एक झोप आणि १ मिलिसेकंदाच्या १०,००० झोपा यांची रुंदी सारखीच येते, पण त्यांचे कारण आणि उपाय सारखे नसतात. लहान एम आणि मोठा एम हे पर्याय अनुक्रमे किमान आणि कमाल मर्यादा ठरवतात. मापन दोनदा करून, एकदा फक्त १० मिलिसेकंदांवरच्या झोपा आणि एकदा त्याखालच्या झोपा पाहिल्या, तर हा भेद कळतो. बीपीएफट्रेस ही ईबीपीएफसाठीची छोटी भाषा येत असेल, तर शेड स्विच या ट्रेसपॉइंटवर (कर्नलमधील नोंद घेण्याच्या ठरलेल्या जागेवर) आठ-दहा ओळी लिहून झोपेच्या लांबीचा हिस्टोग्राम थेट मिळवता येतो.

जागे कोणी केले

आता मुख्य प्रश्न. झोपलेल्या थ्रेडचा स्टॅक तो कोठे थांबला ते सांगतो. तो का थांबला हे त्याला जागे करणाऱ्याच्या स्टॅकवरून कळते. हे एका छोट्या प्रोग्रामवर करून पाहावे. त्यात चार थ्रेड असावेत, आणि प्रत्येकाने सतत पुढील काम करावे: राइट लॉग हे फंक्शन बोलवावे, त्यात एक सामाईक म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे लॉक) घ्यावा, फाइलमध्ये एक ओळ लिहावी, ती डिस्कवर पक्की व्हावी म्हणून एफसिंक करावा आणि मग म्यूटेक्स सोडावा. फाइल एक्स्ट४ या फाइलप्रणालीवर असावी. हा प्रोग्राम कृत्रिम असला, तरी व्यवहाराचा हिशेब ठेवणाऱ्या अनेक सेवांच्या पोटात नेमकी हीच रचना असते.

३० सेकंद मापन केले, तर चार थ्रेडांचे मिळून १२० सेकंद होतात. कोणत्याही क्षणी एक थ्रेड एफसिंकमध्ये असतो आणि तीन लॉकपाशी, त्यामुळे आलेखात जवळजवळ ३० सेकंदांचा एक मनोरा एफसिंकवर आणि ९० सेकंदांचा मनोरा फ्यूटेक्सवर उभा राहतो. फ्यूटेक्स ही लिनक्स २.६ पासून, म्हणजे २००३ पासून, स्थिर कर्नलमध्ये असलेली सोय आहे: लॉक मोकळे असेल, तर ते कर्नलमध्ये न शिरताच मिळते, आणि दुसऱ्याकडे असेल तेव्हाच थ्रेड कर्नलमध्ये जाऊन झोपतो. म्हणून फ्यूटेक्सवर झोप दिसली, की लॉकसाठी खरोखरची चुरस आहे किंवा कंडिशन व्हेरिएबलवर (एखादी अट पूर्ण होईपर्यंत थांबण्याच्या सोयीवर) प्रतीक्षा आहे, एवढे निश्चित होते.

येथे चुकीचा निष्कर्ष सहज निघतो. सर्वांत रुंद मनोरा लॉकचा आहे, तेव्हा लॉक बदलू, स्पिनलॉक (न झोपता सतत तपासत राहणारे लॉक) लावू किंवा रीडर-रायटर लॉक (अनेक वाचकांना एकत्र आत सोडणारे) आणू, असे वाटते. यांपैकी कशानेही फरक पडणार नाही. स्पिनलॉकने तर ९० सेकंदांची झोप ९० सेकंदांच्या व्यर्थ सीपीयू वापरात बदलेल.

म्हणून बीसीसी संचातील ऑफवेकटाइम चालवावा. तो झोपलेल्याचा स्टॅक आणि त्याला जागे करणाऱ्याचा स्टॅक एकावर एक, मध्ये खूण घालून, एकत्र देतो; जागे करणाऱ्याचा स्टॅक उलट्या क्रमाने वर रचलेला असतो. आपल्या उदाहरणात फ्यूटेक्सवर झोपलेल्याला जागे करणारा म्हणजे याच प्रोग्रामचा दुसरा थ्रेड असतो, आणि त्याच्या स्टॅकवर राइट लॉगमधून म्यूटेक्स सोडणारे फंक्शन दिसते. एफसिंक येथे थेट दिसत नाही, कारण तो तोवर संपलेला असतो. याचा अर्थ साखळीचा एकच दुवा हाती आला आहे. आता विचारायचे ते असे: हा जागे करणारा थ्रेड लॉक हातात असताना काय करत होता? त्यासाठी त्याच फंक्शनाखाली, पण लॉक मिळाल्यानंतरच्या झोपा पाहाव्यात, म्हणजे राइट लॉगखालचा ३० सेकंदांचा एफसिंकचा मनोरा दिसतो.

त्या मनोऱ्याचा कर्नलमधला भाग पाहिला, तर काही झोप फाइलची पाने डिस्कवर लिहून होण्याची आणि काही जर्नल (फाइलप्रणालीची बदलांची नोंदवही) पक्के होण्याची असते. दुसऱ्या प्रकारात जेबीडी२ लॉग वेट कमिट हे फंक्शन दिसते. त्या झोपेतून जागे करणारा जेबीडी२ नावाचा कर्नल थ्रेड असतो, जो स्वतः डिस्ककडे पाठवलेली लेखने पूर्ण होण्याची वाट पाहत असतो. त्याला जागे करणारा म्हणून पुष्कळदा स्वॅपर हे नाव दिसते. नाव स्वॅप मेमरीची आठवण करून देत असले, तरी तिचा येथे संबंध नाही. स्वॅपर हे सीपीयूच्या रिकाम्या कामाचे नाव आहे. डिस्कचा व्यत्यय आला तेव्हा तो सीपीयू मोकळा होता, एवढाच त्याचा अर्थ. स्टॅकमध्ये व्यत्यय हाताळणारी आणि ब्लॉक विनंती पूर्ण करणारी फंक्शने दिसली, की साखळी हार्डवेअरपर्यंत पोहोचली असे समजावे. तेथून पुढे बायोलेटन्सी या साधनाने डिस्कच्या विलंबाचा हिस्टोग्राम काढावा.

तर कारणांची साखळी अशी उभी राहते: तीन थ्रेड लॉकसाठी थांबले, कारण चौथा लॉक धरून एफसिंकमध्ये थांबला, कारण जर्नल थ्रेड डिस्कसाठी थांबला. उपाय साखळीच्या कोणत्याही दुव्यावर करता येतो, पण लॉकच्या जातीवर नाही. लॉक धरून होणारा एफसिंक बाहेर काढून अनेक थ्रेडांच्या ओळी एकत्र लिहून एकदाच पक्क्या करणे, हा डेटाबेसांनी फार पूर्वीपासून अवलंबलेला मार्ग येथे सर्वांत परिणामकारक आहे.

झोप नसलेली थांबणी

ऑफसीपीयूटाइम सीपीयूबाहेरचा सगळा वेळ मोजतो, त्यात दोन भेसळी असतात. थ्रेड जागा होऊन सीपीयू मिळेपर्यंत रांगेत गेलेला वेळ झोपेच्या वेळातच जमा होतो. तो वेगळा पाहण्यासाठी रनक्यूलॅट हे साधन आहे. आणि शेड्यूलरने मध्येच बाजूला केलेला थ्रेडही यादीत येतो. त्याचा स्टॅक ओळखायला सोपा असतो: थांबण्यासारखे काहीही नसलेल्या साध्या गणनेच्या फंक्शनात तो ‘अडलेला’ दिसतो. ऑफसीपीयूटाइमच्या स्टेट या पर्यायाला १ दिले, तर व्यत्यय आणता येणारी झोप आणि २ दिले, तर डी स्थितीतली झोप वेगळी काढता येते.

कंटेनरांच्या जगात या प्रकाराचे एक रूप फार आढळते. सीग्रुपला (ज्याच्यावर कर्नल साधनांची मर्यादा घालतो अशा प्रोसेसगटाला) सीपीयूचा कोटा दिलेला असेल आणि १०० मिलिसेकंदांच्या कालखंडातला वाटा पहिल्या ३० मिलिसेकंदांतच संपला, तर त्या गटाचे सगळे थ्रेड उरलेले ७० मिलिसेकंद थांबवले जातात, यंत्रावर इतर सीपीयू मोकळे असले तरीही. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत सीपीयू डॉट स्टॅट या फाइलमध्ये किती वेळा आणि एकूण किती मायक्रोसेकंद असे थांबवले गेले, ते दोन आकडे असतात. विलंब काही दशांश मिलिसेकंदांऐवजी एकदम ५०-७० मिलिसेकंदांच्या उड्या घेत असेल, तर स्टॅक पाहण्याआधीच ही फाइल उघडावी.

पेज फॉल्टची (हवे ते पान मेमरीत तयार नसल्याने येणाऱ्या अडथळ्याची) झोपही अशीच अनपेक्षित ठिकाणी येते. पान स्वॅपमधून किंवा मॅप केलेल्या फाइलमधून आणायचे असेल, तर साध्या मेमरी-वाचनाच्या ओळीवरही थ्रेड झोपतो. प्रोग्रामच्या स्टॅकमध्ये कोणताही सिस्टिम कॉल नसतो आणि कर्नलच्या स्टॅकमध्ये मात्र पेज फॉल्टची फंक्शने असतात. कर्नलचा स्टॅक गाळून फक्त प्रोग्रामचा पाहणाऱ्याला हे कोडे सुटत नाही.

रनटाइमच्या आतले थ्रेड

जावामध्ये फ्लाइट रेकॉर्डर हे अंगभूत साधन मॉनिटरसाठीची (जावाच्या लॉकसाठीची) प्रतीक्षा आणि पार्क केलेले, म्हणजे थांबवून ठेवलेले, थ्रेड स्टॅकसह नोंदवते, पण त्याच्या मूळ मांडणीत या घटनांसाठी २० मिलिसेकंदांचा उंबरठा असतो. ५ मिलिसेकंदांच्या हजारो प्रतीक्षांनी सेवा संथ झाली असेल, तर तो अहवाल कोरा येईल. तेव्हा उंबरठा खाली आणावा किंवा असिंक प्रोफायलरची लॉक पद्धत वापरावी. त्याची वॉल पद्धत थ्रेड चालत असो वा झोपलेला, सर्वांचे नमुने घेते, आणि पहिल्या तपासाला ती पुरेशी असते.

गो भाषेत गोरुटीन (रनटाइमने सांभाळलेला हलका थ्रेड) झोपले, तरी त्याखालचा थ्रेड दुसरे गोरुटीन चालवायला घेतो, म्हणून थ्रेडांचे मापन तेथे फार कमी सांगते. त्याऐवजी रनटाइमचे ब्लॉक प्रोफाइल आणि म्यूटेक्स प्रोफाइल वापरावे. यातले दुसरे इतरांना झालेला खोळंबा लॉक सोडणाऱ्याच्या स्टॅकवर टाकते, म्हणजे कोणामुळे या प्रश्नाचे उत्तर थेट देते. ही रचना मला फार मोलाची वाटते. पायथॉनमध्ये स्टॅकवर टेक गिल हे फंक्शन वारंवार दिसले, तर थ्रेड जागतिक इंटरप्रिटर लॉकसाठी (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉनचा कोड चालवू देणाऱ्या लॉकसाठी) थांबले आहेत असे समजावे. विंडोजवर विंडोज परफॉर्मन्स अॅनालायझरमधील सीपीयू युसेज प्रिसाइज हा आलेख हेच काम करतो. त्यात प्रतीक्षेचा वेळ, तयार असूनही थांबल्याचा वेळ आणि जागे करणाऱ्या थ्रेडचा स्टॅक हे स्वतंत्र स्तंभ असतात.

मापनात न येणारी झोप, आणि दुरुस्तीनंतरचे मापन

ऑफसीपीयूटाइम थ्रेड जागा होऊन परत सीपीयूवर येतो तेव्हाच बेरीज करतो. मापन सुरू होण्याआधी झोपलेला आणि मापन संपेपर्यंत न उठलेला थ्रेड अहवालात अजिबात येत नाही. त्यामुळे दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकले असतील, तर हे साधन त्याबद्दल मौन पाळते आणि पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. प्रोग्राम संथ नसून पूर्ण थांबला असेल, तर जीडीबी हा डीबगर जोडून सर्व थ्रेडांचे स्टॅक काढावेत, किंवा जावासाठी जेस्टॅक आणि पायथॉनसाठी पायस्पायचा डंप वापरावा.

दुरुस्ती केल्यावर त्याच भाराखाली, तेवढेच सेकंद, पुन्हा मापन करावे. मात्र तुलना कशाची करायची हे आधी ठरवावे. आपल्या उदाहरणात एक एफसिंक ५ मिलिसेकंदांचा धरला, तर मूळ रचनेत ३० सेकंदांत ६,००० ओळी लिहून होतात आणि प्रत्येक ओळीमागे सरासरी १५ मिलिसेकंद लॉकसाठी व ५ एफसिंकसाठी, असे २० मिलिसेकंद जातात. ओळी एकत्र पक्क्या करण्याच्या रचनेत चारही थ्रेड एकाच एफसिंकची वाट पाहतात; आदर्श स्थितीत २४,००० ओळी होतात आणि प्रत्येकीमागे ५ मिलिसेकंद लागतात. तरीही चारही थ्रेड जवळजवळ सतत झोपलेलेच असल्यामुळे फ्लेम ग्राफवरची एकूण रुंदी दोन्ही वेळा १२० सेकंदांच्याच आसपास दिसेल. केवळ रुंदी पाहिली, तर दुरुस्ती फसली असे वाटेल. म्हणून प्रत्येक मापनासोबत त्या काळात पूर्ण झालेल्या कामांची संख्या लिहून ठेवावी, झोपेच्या बेरजेला तिने भागावे आणि दर कामामागच्या प्रतीक्षेचीच तुलना करावी. दुमडलेल्या ओळींच्या दोन्ही फाइली जपून ठेवल्या, तर त्यांच्यातील फरकाचा आलेखही नंतर काढता येतो.